चार महिन्यांचं मौन

दिवेलागणीला एकनाथ मास्तरांच्या घरून परवचा सुरू झाला की शुक्रवार पेठेतल्या त्या गल्लीला घड्याळ बघायची गरज उरत नसे. मास्तर अठरा वर्षं म्युनिसिपालिटीच्या शाळेत दुसरीचा वर्ग शिकवत होते. आवाज असा खणखणीत की भिंतीपलीकडचा वर्गही त्यांच्याच पाढ्यांवर पास होतो, असं हेडमास्तर थट्टेनं म्हणत. घरी परवच्याला चौघं बसायचे: मास्तर, त्यांची बायको रुक्मिणी, थोरली विधवा बहीण गोदाक्का आणि नऊ वर्षांची एकुलती एक प्रभा. आधी स्तोत्रं, मग पाढे, मग पावकी-निमकी. चौघांत प्रभाचा आवाज सगळ्यात वर. एकोणतीसचा पाढा ती उतारावर गाडी सोडल्यासारखी म्हणायची, कुठं खडा म्हणून लागायचा नाही.

आणि परवचा आटोपल्यावर याच प्रभाला कोणी सहज विचारावं, "काय गं, जेवलीस का?" की संपलंच. ओठ घट्ट मिटायचे. मानेच्या शिरा तट्ट फुगायच्या, डोळे वर जायचे, एक पाय जमिनीवर आपटत राहायचा. बऱ्याच वेळानं "जे, जे, जे" असं काहीतरी बाहेर पडायचं, तोवर विचारणारा संकोचून दुसरीकडे बघत असे. स्वतःचं नाव तर तिला जन्मात कोणाला सांगता आलं नव्हतं.

मास्तरांच्या मते यात कोडं काहीच नव्हतं. हे ढोंग होतं.

"पोटदुखीची ढोंगं मी पाहिली, डोळे आल्याची पाहिली," ते रुक्मिणीला म्हणत. "जी जीभ एकोणतीसचा पाढा म्हणते, तिला 'जेवले' म्हणता येत नाही? हा निव्वळ हट्ट आहे."

मास्तरांना हसू नका. ज्या घरात चार पिढ्या पाठांतरावर जगल्या, त्या घरात पाठ म्हणता येणं आणि बोलता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कोणाच्या डोक्यात येणार? तर्क अगदी बिनतोड होता. आणि तर्क बिनतोड असला की माणूस निर्धास्तपणे हात उचलतो. "पुन्हा म्हण. नीट म्हण." नाही जमलं की पाठीत धपाटा, कधी गालावर चापट. मास्तर तापट नव्हते, वर्गातल्या पोरांना ते क्वचितच मारत. प्रभाला मारत ते तिचं भलं व्हावं म्हणून, आणि मारून झाल्यावर त्यांना जेवण जात नसे.

रुक्मिणी नवऱ्यापुढं काही बोलत नसे, पण ढोंगावर तिचा विश्वास नव्हता. ती आणि गोदाक्का आपल्या परीनं मागच्या दारानं उपाय करत होत्या. मधात उगाळलेलं वेखंड जिभेवर चोळून झालं. पोपटानं उष्टावलेला पेरू खाऊ घातला, आणि त्यासाठी लष्कर भागातल्या एका मुसलमान म्हातारीच्या पिंजऱ्यापुढं दोघी अर्धा दिवस बसल्या. सिद्धेश्वराला चांदीची जीभ वाहिली. एकदा माहेरी जाते म्हणून रुक्मिणी पोरीला घेऊन माढ्याला गेली. तिथल्या एका वैद्यानं सांगितलं, जिभेखालची शीर आखूड आहे, आणि नखाएवढ्या सुरीनं ती कापलीसुद्धा. प्रभा चार दिवस पेजेवर होती. पाचव्या दिवशी तोंड बरं झालं आणि "आई"ची "आ, आ, आ" तशीच आली.

मग मुलींच्या शाळेतून चिठ्ठी आली. लिहिणाऱ्या बाई सभ्य होत्या, मास्तरांच्या ओळखीच्या होत्या. वर्गातल्या मुली प्रभाची नक्कल करतात, नक्कल करता करता दोघींना तशीच सवय लागू पाहते आहे, पालक तक्रार करतात, तरी बरं वाटेपर्यंत मुलीला घरीच ठेवावं. मास्तरांनी चिठ्ठी तीनदा वाचली. दुसऱ्या मास्तराच्या मुलीबद्दल त्यांनी स्वतःही बहुधा हेच लिहिलं असतं. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच ते रुक्मिणीला म्हणाले, "डॉक्टरला दाखवू या."

गावातला मार्शल लॉ, म्हणजे गोऱ्यांचा लष्करी अंमल, उठून दोन वर्षं झाली होती. डॉक्टर बसलिंगप्पांनी त्याच सुमारास पेठेच्या तोंडाशी दवाखाना थाटला होता. माणूस विजापूरकडचा, घरात कानडी, दवाखान्यात मराठी, आणि दोन्हींत सारखाच मितभाषी. त्यांनी प्रभाचा घसा पाहिला, कान पाहिले, जीभ बाहेर काढायला लावून पाहिली आणि मास्तरांना बाहेर बाकावर बसवलं. आतून मास्तरांना काही वेळ पाय आपटल्याचा आवाज आला. मग एकदम दोन आवाजांत बेचा पाढा ऐकू आला, अगदी सुसाट. मास्तरांना वाटलं, पकडलं ढोंग.

डॉक्टरांनी त्यांना आत बोलावलं.

"मास्तर, मुलगी पाढे म्हणते ते एकटी म्हणते, का तुमच्याबरोबर?"

"बरोबरच. परवचा सगळे मिळूनच म्हणतात."

"एकटीला म्हणायला लावलंत कधी?"

मास्तर आठवू लागले. नऊ वर्षांत तशी वेळच आली नव्हती. परवचा एकट्यानं म्हणायचा असतो, असं त्यांच्या घरात कोणी ऐकलंही नव्हतं.

"मी आत्ता लावलं," डॉक्टर म्हणाले. "बे एके बेलाच अडली. मी बरोबर म्हणायला लागलो तर थांबेना. हे ढोंग नव्हे बघा. हेच तर या रोगाचं लक्षण आहे. संगत मिळाली की जीभ सुटते, एकटी पडली की आखडते."

"कशानं होतं हे?"

"कोणालाच ठाऊक नाही, मला तर नाहीच. विलायतेच्या एका पुस्तकात या रोगावर दीड पान आहे. ते वाचून तुम्हाला सांगतोय."

मास्तरांनी टेबलाची कड धरली. "आणि मारलं तर..."

"मारल्यानं वाढतो," डॉक्टर म्हणाले, आणि बराच वेळ औषधाची बाटली पुसत राहिले. बाटली स्वच्छच होती.

त्या दीड पानातला उपाय साधा होता. तीन महिने मुलीला बोलतं करायचं नाही. कोणी काही विचारायचं नाही, बोल म्हणायचं नाही, रागवायचं नाही. भीती विसरली की मग मास्तरांचं काम सुरू. तिच्याबरोबर दोन-दोन, चार-चार शब्द म्हणायचे आणि दिवसेंदिवस आपला आवाज बारीक करत न्यायचा. तिला कळायच्या आत ती एकटीच बोलत असेल. "तुमचा आवाज चांगला आहे," डॉक्टर म्हणाले. "तोच औषध."

घरी येताना मास्तरांनी प्रभाचं बोट धरलं होतं. आपल्या हातून काय घडलं ते त्यांना रस्ताभर दिसत होतं, एकेक चापट वेगळी दिसत होती. पण त्याचबरोबर छातीत एक आशाही धडधडत होती. ज्या आवाजानं पोरीला धाकात ठेवलं, त्याच आवाजानं तिला बोलतं करायचं. तिनं आपल्याला एकदा न अडखळता "अण्णा" म्हणावं. त्यांना दुसरं काही नको होतं.

अडचण एवढीच होती की गल्लीला कसं आवरायचं? दारात येणारी प्रत्येक बाई पोरीला काहीतरी विचारणार. आणि मास्तरांची मुलगी वेडी झाली, मुकी झाली, असं उद्या पेठभर होणार. तोडगा गोदाक्कांनी काढला.

"आषाढी एकादशी चार दिवसांवर आलीय, एकनाथा. चातुर्मासाचं मौन धरलंय म्हणून सांगू. मग कोण तिला विचारतंय?"

मास्तरांना ही युक्ती इतकी पसंत पडली की डॉक्टरांना विचारून यावं, हेही त्यांना सुचलं नाही. देवापुढं प्रभाच्या ओंजळीत तुळशीचं पान ठेवून गोदाक्कांनी संकल्प सोडवला. मौन म्हणजे मौन, त्यात परवचाही आला. संध्याकाळी तिघं म्हणू लागले आणि प्रभा ओठांवर बोट ठेवून ऐकत बसू लागली.

पहिले आठ दिवस गल्लीनं नुसतं कौतुक केलं. मग राजाबाई आली. ही राजाबाई शेजारच्या बाळे गावातून रोज दुधाची किटली घेऊन यायची. त्या दिवशी तिच्या कडेवर नातू होता.

"लई पुण्याची पोर हाय की तुमची," ती रुक्मिणीला म्हणाली. "येवढ्याशा जिवाला चार म्हैनं मौन. आमाला न्हाय जमायचं. बाय, माज्या नातवाच्या डोक्यावर हात ठेव गं. तीन दिस झालं, ताप उतरंना."

प्रभानं आईकडं पाहिलं आणि हात ठेवला. तीन दिवसांचा ताप चौथ्या दिवशी उतरायचाच होता, तो उतरला. राजाबाईनं ही गोष्ट दुधाबरोबर घरोघर वाटली. श्रावण लागेपर्यंत मास्तरांच्या ओसरीवर बायकांची रीघ लागली. प्रभाला पाटावर बसवायचं, पायांवर पाणी घालायचं, कुंकू लावायचं, खण-नारळानं ओटी भरायची. कोणाचं मूल रडकं, कोणाचा नवरा गिरणीत आजारी पडलेला. प्रभा सगळ्यांच्या डोक्यावर हात ठेवायची. शाळेतल्या ज्या पोरी तिची नक्कल करायच्या, त्या आता फुलं घेऊन यायच्या आणि तिच्याशी दबक्या आवाजात बोलायच्या.

आणि पोर फुलली. हे मास्तरांनी डोळ्यांनी पाहिलं, म्हणून तर त्यांना त्या रिघेविरुद्ध बोलताही येईना. तिची नखं वाढली, पूर्वी ती बोटांच्या पेरांपर्यंत कुरतडलेली असायची. खांदे खाली आले. ती दुपारी ओसरीवर गाढ झोपायला लागली. एकदा मांजरीचं पिल्लू मास्तरांच्या पगडीत जाऊन बसलं, तेव्हा ती पोट धरून हसली, आवाज न काढता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मास्तरांना वाटलं, भीती चालली. दीड पान खरं ठरतंय.

तीन महिने आश्विनात भरले. मास्तर रोज सकाळी देवळामागं जाऊन एकटेच आवाज बारीक करायचा सराव करत. आयुष्यभर मोठ्यानं बोललेल्या माणसाला ते जड जात होतं. त्या दिवशी ते गोदाक्कांना म्हणाले, "अक्का, उद्यापासून सुरुवात करतो."

"संकल्प चार महिन्यांचा आहे."

"डॉक्टर तीन म्हणाले होते."

"डॉक्टरनं नाही सोडला संकल्प. मध्येच मोडला तर त्याचा दोष पोरीला लागतो, तुला नाही."

"अहो, एकच तर महिना राहिलाय," रुक्मिणी म्हणाली. वैद्याच्या सुरीनंतर ती कशालाही भीत होती.

मास्तरांचा व्रतवैकल्यांवर फारसा विश्वास नव्हता. त्यांनी हट्ट धरायला हवा होता. पण त्यांनी प्रभाकडं पाहिलं, तर ती गोदाक्कांच्या पाठीमागं जाऊन उभी राहिली होती आणि तिनं त्यांच्या लुगड्याचा पदर मुठीत धरला होता. मास्तर म्हणाले, "बरं, कार्तिकात." खरं सांगायचं तर त्यांनाही थोडं हायसं वाटलं. परीक्षा पुढं गेली की मास्तरालाही बरंच वाटतं.

मौनाच्या उद्यापनाला देवाला घंटा वाहायची असते. कार्तिकातल्या द्वादशीला पेठेतल्या रामाच्या देवळात पन्नासेक बायका जमल्या. प्रभाला नवा परकर शिवला होता. ठरलं होतं ते असं: प्रभानं नवी घंटा वाजवायची, आणि नाद विरतो तोच मास्तरांनी तिच्याबरोबर "राम" म्हणायचं. दोघांनी मिळून, अगदी हळू. संगत असली की जीभ सुटते, हे डॉक्टरांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. मास्तरांनी एक महिना त्या एका शब्दाची तयारी केली होती.

प्रभानं घंटा वाजवली. नाद विरला. मास्तर तिच्या शेजारी वाकून म्हणाले, "राम." प्रभानं त्यांच्याकडं पाहिलं. ओठ हलले नाहीत. मास्तर पुन्हा म्हणाले. मग त्यांनी पाढा धरला, तिचा आवडता एकोणतीसचा, त्या देवळात, पन्नास बायकांसमोर. एकोणतीस दाहे दोनशे नव्वदपर्यंत ते एकटेच गेले. प्रभानं मान हलवली, नाही. मास्तर तिला जवळ घ्यायला एक पाऊल पुढं आले, त्यांचा हात उचलला गेला, आणि प्रभानं झटक्यात खाली बसून दोन्ही हातांनी गाल झाकले.

मग राजाबाईच पुढं झाली. "ऱ्हाऊ द्या की मास्तर. तिला मौन सोडायचं न्हाय. देवानं धरलंय तिला." बायकांनी हात जोडले. हे त्यांना फार मोठं वैराग्य वाटत होतं, आणि मास्तर खांबाला टेकून उभे होते.

डॉक्टर बसलिंगप्पांनी सगळं ऐकून घेतलं. ते रागावले नाहीत, रागावले असते तर मास्तरांना सोपं गेलं असतं.

"परवचाही बंद केलात?"

"मौन होतं ना."

"मी तिला बोलतं करू नका म्हणालो होतो, मास्तर. मिळून म्हणते ते बंद करा असं नव्हतो म्हणालो. तेवढी एक वाट उघडी होती." मग म्हणाले, "चूक माझी. मीच नीट सांगायला हवं होतं."

"आता काय करायचं?"

"माझ्या पुस्तकात दीडच पान आहे."

मास्तरांनी पुण्याला पत्रं लिहिली, मुंबईला लिहिली. एका इस्पितळातून छापील उत्तर आलं, या विकारावर येथे उपचाराची सोय नाही. पुण्याच्या एका सर्जननं घशातल्या गाठी काढून बघू म्हटलं. काढल्या. पोरीला वरचेवर पडसं व्हायचं ते थांबलं. एका परिचितानं कळवलं, विलायतेत अशा मुलांसाठी शाळा आहे म्हणतात. मास्तरांनी ते पत्र जपून ठेवायचं म्हणून कुठंतरी ठेवलं आणि पुन्हा शोधलं नाही. घरात मात्र कोणी रडत नव्हतं. गोदाक्कांच्या मते पोर तपस्वी निघाली होती. रुक्मिणी स्वयंपाक करता करता मध्येच थांबून कान द्यायची, जणू माजघरातून कोणी हाक मारली, आणि पुन्हा कामाला लागायची.

फाल्गुनातल्या एका रविवारी सकाळी मास्तर प्रभाला घेऊन सिद्धेश्वराच्या तळ्यावर गेले. पाणी बरंच आटलं होतं. दोघं पायरीवर बसले. बाजूला कोणी नव्हतं.

"प्रभा," मास्तर म्हणाले. "मी तुला मारलं ते चुकलं. तुझं ढोंग नव्हतं. मला कळलं नाही."

प्रभा पाण्याकडं बघत होती.

"नीट बोलू नकोस. अडखळत बोल, तासभर लाव, मी थांबेन. पाय आपट. मी इकडंतिकडं बघणार नाही. पण एकदा बोल. तू घरात आहेस आणि मला तुझा आवाज ऐकू येत नाही गं." मास्तरांचा तो खणखणीत आवाज फाटला. अठरा वर्षांत कुठल्या पोरानं त्यांना असं बोलताना ऐकलं नव्हतं.

प्रभानं वळून बापाकडं पाहिलं. तिला त्यांची दया आली, ते तिच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. ती उठून उभी राहिली, परकर सारखा केला आणि तिनं तोंड उघडलं.

आवाज आला नाही. मानेच्या शिरा फुगल्या. डोळे वर गेले, पाय पायरीवर आपटू लागला. चेहरा लाल झाला, मग काळपट. पूर्वी निदान तुटकं तुटकं काही बाहेर पडत असे, आता काहीच पडेना. ओठांच्या कोपऱ्यातून लाळ आली. तरी ती थांबेना. बापाला हवं होतं म्हणून ती जिवाच्या करारानं ते आणू पाहत होती, आणि आठ महिन्यांत भरून आलेलं ते पोर मास्तरांच्या डोळ्यांदेखत पुन्हा पहिल्यासारखं होत होतं. बोटं तोंडाकडं गेली आणि ती नखं चावू लागली.

मास्तर खाली गुडघ्यावर बसले. "राहू दे," ते म्हणाले. "राहू दे बाळ, राहू दे. नको मला." ती ऐकेना, तेव्हा त्यांनी हळूच तिच्या ओठांवर तळहात ठेवला आणि ते मिटवले. ती थरथरत त्यांच्या खांद्यावर पडली. बऱ्याच वेळानं तिचा श्वास शांत झाला. मास्तरांनी धोतराच्या सोग्यानं तिचं तोंड पुसलं.

परत येताना गल्लीच्या तोंडाशी राजाबाई रिकामी किटली घेऊन निघालेली भेटली. "काय गं बाय, सकाळीसकाळी कुटं गेलतीस?" तिनं प्रभाला विचारलं.

"तळ्यावर गेलो होतो," मास्तर म्हणाले. "पाणी फार आटलंय यंदा."

त्यानंतर प्रभाला कोणी काहीही विचारलं, तरी उत्तर मास्तरच देऊ लागले.